गडचिरोलीतील ग्रामीण आरोग्यसेवा : आंतरराष्ट्रीय सहकार्य व प्रशिक्षणाचा इतिहास

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या वनप्रदेशात शासनाची प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे स्थापन झाली होती. परंतु पावसाळ्यात नदीनाल्यांनी संपर्क तुटणाऱ्या गावांतील आजारी अर्भक तेथवर पोहोचणे दुरापास्त होते. अशा परिस्थितीत परदेशी सहकार्याने नेमके काय साधले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीचे साहाय्य इमारतीच्या रूपाने आले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत रुग्ण तपासत असत. १९७५ मध्ये 'स्विसएड' या स्वित्झर्लंडमधील संस्थेच्या मदतीने तेथे छोटे रुग्णालय उभे राहिले.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली व परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांनी सोबत आणली ती संशोधनपद्धती. गावांची शिरगणती करायची, प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवायचा आणि उपाययोजनेची गावे व तुलनेची गावे यांतील फरक मोजायचा. पुढे फोर्ड व मॅकआर्थर प्रतिष्ठानांचे अर्थसाहाय्यही लाभले. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते पैशापेक्षा ही पद्धत अधिक मोलाची ठरली.

मात्र ती जशीच्या तशी गावात रुजणारी नव्हती. न्यूमोनियाच्या निदानासाठी बाळाचे मिनिटातील श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून अधिक भरले, तर धोका समजावा. परंतु निरक्षर सुईणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. यावर श्वासमापक हे साधे साधन तयार करण्यात आले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका व तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की सुईणीने एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. प्रशिक्षणाचा खरा अर्थ येथे दिसतो. शिकणारीला न येणारी गोष्ट तिची उणीव न मानता शिकवणाऱ्यांनी साधनच बदलले. ५८ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यानंतर नवजात अर्भकांकडे लक्ष वळले. ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, एवढेच नव्हे तर जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर हजारी २५.५, तर तुलनेच्या ४७ गावांत ५९.६ होता. १९९९ मध्ये हे निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये आले.

आता ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही सेवा देशभर स्वीकारली. बाळ घरी जन्मल्यास सात, दवाखान्यात जन्मल्यास सहा भेटी ठरल्या.

परंतु या स्वीकारात एक महत्त्वाची गोष्ट गळाली. आशांच्या हाती इंजेक्शन दिले गेले नाही. २०१४ मध्ये ती परवानगी मिळाली उपकेंद्रातील परिचारिकेला, तीही पुढच्या दवाखान्यात नेण्यापूर्वी किंवा नेणे अशक्य असताना. औषधाच्या गैरवापराची भीती निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही आरोग्यदूतांनी गावातच पार केलेले अंतर यामुळे पुन्हा गाव आणि उपकेंद्र यांच्यामध्ये येऊन उभे राहिले.