धोकादायक द्रववाहू पाइपलाइन, नोंदींचे दायित्व आणि सुरक्षेची अंमलबजावणी : अमेरिकेतील नियमनाचा ऐतिहासिक आढावा (१९६५ ते २०१९)

प्रस्तावना :

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात कारखाने, रेल्वे, धरणे व बंदरे यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनला मिळालेले नाही. याचे एक कारण उघड आहे. पाइपलाइन डोळ्यांना दिसत नाही. एकदा खंदक बुजविला की तो नळ कोणत्या पोलादाचा होता, त्याचे सांधे कोणी जोडले, त्यावर किती दाबाची चाचणी झाली, त्याला गंज कोठे लागला, या प्रश्नांची उत्तरे जमीन उकरल्याशिवाय केवळ कागदावरूनच मिळू शकतात. म्हणूनच कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल यांसारखे धोकादायक द्रवपदार्थ वाहून नेणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत नोंद ठेवणे हे निव्वळ कारकुनी काम राहत नाही, तर तो सुरक्षाव्यवस्थेचाच एक भाग ठरतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे तत्त्व कायद्यात कसे आले, त्याची अंमलबजावणी कशी झाली आणि प्रत्यक्ष दुर्घटनांच्या कसोटीवर ते कितपत टिकले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) पाइपलाइन सुरक्षेच्या अमेरिकन कायद्याच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) नोंदींविषयीच्या तरतुदींचे स्वरूप व हेतू समजून घेणे.
३) निवडक दुर्घटनांच्या आधारे नोंदी व सुरक्षा यांतील परस्परसंबंध तपासणे.
४) अंमलबजावणीच्या मर्यादांचे विवेचन करणे.

कायद्याची पार्श्वभूमी :

अमेरिकेत दूर अंतराच्या तेलवाहिन्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाल्या होत्या. परंतु केंद्र शासनाने त्यांच्याकडे प्रारंभी पाहिले ते दर व स्पर्धा या आर्थिक दृष्टीने. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने तेलवाहिन्यांना सार्वजनिक वाहतूकदार मानून आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या कक्षेत आणले. सुरक्षेचा प्रश्न मात्र दीर्घकाळ उद्योगाच्या स्वयंनियमनावर सोपविलेला होता.

४ मार्च १९६५ रोजी लुइझियाना राज्यातील नॅकटिश गावाजवळ नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचा स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर सुरू झालेल्या चर्चेची परिणती १९६८ च्या नैसर्गिक वायू पाइपलाइन सुरक्षा कायद्यात झाली. द्रवपदार्थांच्या वाहिन्यांसाठी परिवहन विभागाने स्वतंत्र नियम तयार केले. केंद्रीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकातील १९५ वा भाग म्हणून ते आजही ओळखले जातात. पुढे १९७९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने धोकादायक द्रववाहू पाइपलाइन सुरक्षा कायदा संमत केला आणि या नियमांना भक्कम वैधानिक अधिष्ठान लाभले. या कायद्याने दिवाणी दंडाबरोबरच जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी फौजदारी शिक्षेचीही तरतूद केली. तथापि, ही फौजदारी तरतूद प्रत्यक्षात वापरली जाण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

प्रशासकीय पातळीवर हे काम पाइपलाइन सुरक्षा कार्यालयाकडे होते. २००४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पाइपलाइन व धोकादायक पदार्थ सुरक्षा प्रशासनाकडे (फिम्सा) ते आले. अपघातांचा तपास मात्र राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ ही वेगळी, स्वतंत्र संस्था करते. मंडळ कारणे शोधते व शिफारसी करते, तर नियम करण्याचा व दंड आकारण्याचा अधिकार फिम्साकडे आहे. पुढील विवेचनासाठी हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

नोंदींविषयक तरतुदींचे स्वरूप :

१९५ व्या भागातील तरतुदी पाहता नोंदींचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार बांधकाम व चाचणीच्या नोंदींचा. एकूण किती वेल्डिंग सांधे घातले, त्यांपैकी किती तपासले व किती नाकारले, हा तपशील पाइपलाइन अस्तित्वात असेपर्यंत जपावा लागतो. दाबचाचणीची नोंदही ती वाहिनी वापरात असेपर्यंत ठेवावी लागते. त्या नोंदीत दाबाचे आलेख, उपकरणांच्या अचूकतेची माहिती, चाचणीचा दिनांक व वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे लागते. आलेखात दाब मध्येच खंडित झालेला दिसत असेल तर त्याचे स्पष्टीकरणही द्यावे लागते.

दुसरा प्रकार दैनंदिन संचालनाच्या नोंदींचा होय. प्रत्येक पंपिंग केंद्रातून बाहेर पडणारा दाब, तसेच कोणतीही आणीबाणीची किंवा असाधारण स्थिती यांची नोंद किमान तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. तिसरा प्रकार देखभालीचा. नळाच्या प्रत्येक दुरुस्तीचा दिनांक, ठिकाण व वर्णन नळाच्या आयुष्यभर जपावे लागते. याशिवाय संचालन व देखभालीची लेखी नियमपुस्तिका असणे आणि तिचा दरवर्षी, फार तर १५ महिन्यांच्या आत, फेरआढावा घेणे सक्तीचे आहे.

या तरतुदींतून दोन स्वतंत्र दायित्वे निर्माण होतात. काम करणे हे पहिले दायित्व आणि ते केल्याचे दाखविता येणे हे दुसरे. निरीक्षकासमोर झडपेच्या तपासणीची नोंद सादर करता आली नाही, तर झडप प्रत्यक्षात तपासली होती असे सांगून कंपनीची सुटका होत नाही. निरीक्षणात दोष आढळल्यास फिम्सा इशारापत्र, नियमपुस्तिकेतील सुधारणेची सूचना किंवा ‘संभाव्य उल्लंघनाची नोटीस’ काढते. नोटिशीवर कंपनीला लेखी उत्तर देण्याचा व सुनावणी मागण्याचा हक्क असतो आणि त्यानंतर अंतिम आदेश निघतो. तातडीचा धोका असेल तेथे दुरुस्तीचा आदेश देऊन वाहिनीचा दाब कमी करण्यास अथवा ती बंद ठेवण्यास भाग पाडता येते.

बेलिंगहॅम (१९९९) : नोंद होती, कृती नव्हती

१० जून १९९९ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम शहरात ऑलिंपिक पाइपलाइन कंपनीची १६ इंची वाहिनी फुटली. सुमारे २,३७,००० गॅलन, म्हणजे जवळपास ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात वाहून गेले. सुमारे दीड तासाने त्याने पेट घेतला. दहा वर्षांची दोन मुले व अठरा वर्षांचा एक तरुण यांचा त्यात अंत झाला.

तपास मंडळाच्या २००२ च्या अहवालात कारणांची एक साखळीच स्पष्ट झाली. १९९४ मध्ये जवळच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात खोदाई करताना नळाला इजा झाली होती आणि त्या कामावर कंपनीने पुरेशी देखरेख ठेवली नव्हती. पुढे नळाच्या आतून फिरविल्या जाणाऱ्या तपासणीयंत्राने त्या ठिकाणचा दोष टिपला. परंतु त्या निष्कर्षांचे मूल्यमापन चुकले व तो भाग उकरून पाहिला गेला नाही. बेव्ह्यू येथील नव्या केंद्रातील सुरक्षा उपकरणांची योग्य चाचणी झाली नव्हती आणि तेथील झडप वारंवार आपोआप बंद पडत असतानाही त्यामागचे कारण शोधले गेले नव्हते. वाहिनी चालू असताना तिचे नियंत्रण करणाऱ्या संगणकप्रणालीवरच माहितीसाठ्याचे काम करण्याची पद्धतही अपघातास कारणीभूत ठरली.

येथे माहितीचा अभाव नव्हता. नळाला इजा झाल्याची खूण तपासणीच्या नोंदीत होती आणि झडप बंद पडण्याच्या घटनाही कंपनीला ठाऊक होत्या. अभाव होता तो या सुट्या नोंदी एकत्र वाचण्याचा. या प्रकरणात १९७९ च्या कायद्याखाली पाइपलाइन कंपनीवर प्रथमच फौजदारी दोषसिद्धी झाली आणि २००३ मध्ये दोन अधिकाऱ्यांना कारावासाची शिक्षाही झाली.

याच काळात, डिसेंबर २००० मध्ये, ५०० मैल वा त्याहून अधिक लांबीच्या द्रववाहिन्या चालविणाऱ्या कंपन्यांसाठी ‘अखंडता व्यवस्थापन’ नियम आला. लोकवस्ती, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, नौकानयनाचे जलमार्ग व संवेदनशील पर्यावरण असलेली क्षेत्रे निश्चित करणे, तेथील नळांची ठराविक मुदतीत तपासणी करणे आणि सर्व स्रोतांतून मिळालेल्या माहितीचे एकत्रित विश्लेषण करणे हे आता कर्तव्य ठरले. २००२ च्या सुरक्षा सुधारणा कायद्याने दिवाणी दंडाची मर्यादा प्रत्येक उल्लंघनासाठी दररोज १ लाख डॉलर व संबंधित उल्लंघनांच्या मालिकेसाठी १० लाख डॉलर इतकी वाढविली.

मार्शल (२०१०) : नोंद होती, अर्थ चुकला

अखंडता व्यवस्थापनाचा नियम लागू होऊन एक दशक उलटत असताना, २५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यातील मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची ‘६ ब’ ही ३० इंची वाहिनी फुटली. कंपनीच्या नियंत्रण कक्षाला ही गोष्ट १७ तासांहून अधिक काळ कळली नाही. दाब घटल्याच्या सूचना वाहिनीत पोकळी निर्माण झाल्याच्या समजुतीने बाजूला सारण्यात आल्या आणि वाहिनी दोनदा पुन्हा सुरू करण्यात आली. एकूण ८,४३,४४४ गॅलन कच्चे तेल सांडले व कॅलामझू नदीपर्यंत पोहोचले. यांपैकी सुमारे ८१ टक्के तेल वाहिनी पुन्हा सुरू केल्यानंतर बाहेर पडले. सुमारे ३२० जणांना त्रासाची लक्षणे जाणवली.

नळावरील पॉलिइथिलीन पट्टीचे आवरण सुटून त्याखाली गंज व भेगा वाढल्या होत्या. २००५ च्या तपासणीत फुटलेल्या भागावर भेगेसारख्या सहा खुणा नोंदल्या गेल्या होत्या. पण त्या उकरून पाहण्याइतक्या गंभीर नाहीत असे ठरविण्यात आले. नियम पाळला गेला, तपासणी झाली, अहवालही तयार झाला आणि तरीही धोका तसाच राहिला. तपास मंडळाने २०१२ मध्ये कंपनीच्या त्रुटींबरोबरच नियमांतील संदिग्धता व फिम्साची अपुरी देखरेख यांवरही बोट ठेवले.

फिम्साने आकारलेला दिवाणी दंड ३७ लाख डॉलर होता. त्या वेळेपर्यंतच्या दंडांच्या तुलनेत तो मोठा असला तरी दुर्घटनेनंतरच्या सफाईचा खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

सॅन ब्रुनो (२०१०) : नोंदच चुकीची

याच वर्षी, ९ सप्टेंबर रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या वाहिनीचा स्फोट होऊन ८ जण मृत्यू पावले व ३८ घरे नष्ट झाली. ही वाहिनी वायूची होती. तथापि तिचा परिणाम द्रववाहिन्यांच्या नियमनावरही झाला असल्याने तिचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. १९५६ मध्ये टाकलेला हा नळ कंपनीच्या माहितीसाठ्यात बिनसांध्याचा म्हणून नोंदलेला होता. प्रत्यक्षात तो लांबीच्या दिशेने वेल्डिंग केलेल्या, सदोष सांध्यांच्या तुकड्यांनी जोडलेला निघाला. चुकीच्या नोंदीवर आधारित धोक्याचे गणितही चुकीचे ठरले.

जानेवारी २०११ मध्ये फिम्साने वायू व द्रव या दोन्ही वाहिन्यांच्या चालकांना सूचनापत्र काढले. कमाल दाब ठरविण्यासाठी वापरलेल्या नोंदी मूळ दस्तऐवजापर्यंत माग काढता येण्याजोग्या, पडताळता येण्याजोग्या व परिपूर्ण असाव्यात, ही त्रिसूत्री या वेळी पुढे आली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही कसोटी परिचित वाटेल. मूळ साधन कोणते, दुसऱ्या साधनाने त्याला दुजोरा मिळतो काय आणि ते अखंड आहे काय, हेच प्रश्न इतिहासलेखनातील साधनचिकित्सेतही विचारले जातात. २०१६ मध्ये संघीय न्यायालयातील ज्यूरीने या कंपनीला पाइपलाइन सुरक्षा कायद्याच्या उल्लंघनाच्या पाच व तपासात अडथळा आणल्याच्या एका आरोपात दोषी ठरविले. शिक्षेतील दंड ३० लाख डॉलर होता, तर राज्याच्या आयोगाने २०१५ मध्ये लावलेली शास्ती १.६ अब्ज डॉलरची होती.

अंमलबजावणीच्या मर्यादा :

वरील घटनांवरून काही मर्यादा स्पष्ट होतात. पहिली मर्यादा आर्थिक आहे. २०११ च्या कायद्याने, ज्यावर जानेवारी २०१२ मध्ये स्वाक्षरी झाली, दंडाची मर्यादा दुप्पट करून २ लाख व २० लाख डॉलर केली. तरीही मोठ्या कंपनीच्या उलाढालीपुढे ही रक्कम अल्पच राहते. दुसरी मर्यादा कायदेशीर आहे. फौजदारी गुन्हा सिद्ध करण्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून व हेतुपुरस्सर होते हे दाखवावे लागते. त्यासाठीचा पुरावा बहुधा कंपनीच्याच दप्तरात असतो. तिसरी मर्यादा पद्धतीची आहे. हरवलेला कागद निरीक्षकाला सहज सापडतो. परंतु उपलब्ध कागदाचा चुकीचा अर्थ लावला गेला आहे हे ओळखण्यासाठी तांत्रिक सखोलता लागते.

१९ मे २०१५ रोजी कॅलिफोर्नियात रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ प्लेन्स कंपनीची वाहिनी गंजून फुटली, तेव्हा ही तिसरी मर्यादा पुन्हा दिसून आली. त्याच महिन्यातील अंतर्गत तपासणीत फुटलेल्या ठिकाणी धातूची झीज सुमारे ४७ टक्के दाखविली होती. दुर्घटनेनंतरच्या मोजणीत ती ८९ टक्के आढळली. म्हणजे कालमर्यादेत झालेली तपासणीही वस्तुस्थितीपासून दूर असू शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित द्रववाहिनी नियमांत तीव्र हवामानाच्या घटनेनंतर तपासणी, गळतीशोधन यंत्रणेचा विस्तार व अहवालांची व्यापक सक्ती यांवर भर दिला गेला, तो या अनुभवांच्या पार्श्वभूमीवरच.

निष्कर्ष :

१) अमेरिकेतील पाइपलाइन सुरक्षेचा कायदा प्रामुख्याने दुर्घटनांच्या पाठोपाठ विकसित झाला. प्रत्येक महत्त्वाच्या सुधारणेमागे जीवितहानी अथवा पर्यावरणहानी आहे.

२) नोंदींचे अपयश एकाच प्रकारचे नसते. बेलिंगहॅम येथे नोंदीवर कृती झाली नाही, मार्शल येथे तिचा अर्थ चुकला आणि सॅन ब्रुनो येथे नोंदच असत्य होती. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. ‘नोंदी नीट ठेवा’ असा सरसकट आदेश त्यांपैकी केवळ तिसऱ्यालाच पुरेसा भिडतो.

३) नोंद आहे किंवा नाही एवढेच तपासणारी अंमलबजावणी कंपन्यांना कागद पूर्ण करण्यास प्रवृत्त करते. नोंदीतून काढलेला निष्कर्ष तपासणारी अंमलबजावणी अधिक खर्चिक व कठीण आहे. परंतु सुरक्षेचा खरा लाभ तिच्यातूनच संभवतो.

४) तरीही नोंदींच्या सक्तीला निरर्थक कर्मकांड मानणे योग्य होणार नाही. बेलिंगहॅमच्या प्रकरणात जबाबदारी निश्चित होऊ शकली ती जुन्या तपासण्यांचे अहवाल उपलब्ध होते म्हणूनच. ज्या तीन घरांतील मुले परतली नाहीत, त्यांना हे का घडले याचे उत्तर त्या कागदांनीच दिले. मात्र तेच कागद दोन-तीन वर्षे आधी काळजीपूर्वक वाचले गेले असते, तर उत्तर शोधण्याची वेळच आली नसती. नोंद जपण्याइतकेच ती वेळेवर वाचणे हेही दायित्व मानले जावे, हाच या इतिहासाचा बोध होय.