संमिश्रांतील थकवा-निरीक्षण
तंतुप्रबलित संमिश्र पदार्थांत वारंवार येणाऱ्या भारामुळे साचणाऱ्या हानीचा मागोवा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांच्या ओतीव लोखंडात बहुधा एखादीच भेग वाढत जाऊन तुकडा पडतो. संमिश्रात मात्र आधी रेझिनमध्ये बारीक तडे, मग थर सुटणे, शेवटी तंतू तुटणे. त्यामुळे एकच भेग शोधत बसण्यात अर्थ नसतो. ताठरता किती घटली ते मोजावे लागते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांची काचतंतू-संमिश्राची पाती आयुष्यात कोट्यवधी भारचक्रे सोसतात. तपासणीसाठी ध्वनी-उत्सर्जन, अल्ट्रासोनिक, उष्णताचित्रण व प्रकाशतंतू-संवेदक वापरतात. कार्बनतंतू वीजवाहक असल्याने ते तुटले की विद्युतरोध वाढतो. नाण्याने ठोकून बद्द आवाज ऐकण्याची जुनी रीतही टिकून आहे, पण ती सुटलेले थर सांगते, सूक्ष्म तडे नाही.