भिंतीच्या आत काय आहे?

मागच्या शनिवारी बाथरूमच्या भिंतीला ओल आली म्हणून प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक केली आणि मलाच विचारलं, "साहेब, पाइप कुठून गेलाय?" आता मला काय माहीत! सोसायटीच्या कपाटात जुने नकाशे सापडले. त्यात पाइप डावीकडे. फोडून बघितलं तर तिथे नुसती वीट. आणखी दोन ठिकाणी टाइल्स फोडल्यावर पाइप मिळाला, उजवीकडे.

"अरे, नकाशा मंजुरीपुरता असतो. साइटवर जे सोयीचं तेच होतं," सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले.

इमारत जेमतेम बारा वर्षांची, आणि आपल्या पोटात काय आहे ते तिला आठवत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा रोग ओळखीचा आहे. कोड एक करतो, डॉक्युमेंट दुसरंच सांगतं. मला वाटायचं, या बाबतीत बांधकामवाले आपल्याहून मागे आहेत. रविवारभर वाचत बसलो आणि कान पकडले.

१९७५ साली अमेरिकेत, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार्ल्स ईस्टमन यांनी तिथल्या वास्तुविशारदांच्या संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. मुद्दा साधा होता. एकच खिडकी प्लॅनमध्ये, एलेव्हेशनमध्ये आणि सेक्शनमध्ये अशी पुन्हा पुन्हा काढावी लागते. ती एक फूट सरकवली की सगळीकडे खाडाखोड, आणि एखादा कागद हमखास राहून जातो. त्यापेक्षा इमारतीचं एकच वर्णन संगणकात ठेवा. बदल एकदाच करा. नकाशे, मालाचे हिशोब, खर्चाचा अंदाज हे सगळं त्यातून काढून घ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस एकच, नकाशा म्हणजे त्यावरचा नुसता रिपोर्ट!

हेच आजचं बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, अर्थात बी.आय.एम. (साइटवर 'बीम' म्हटलं की लोक तुळईकडे बघतात, म्हणून अक्षरं सुटी म्हणावीत.) साध्या कॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. इथे भिंत ही भिंतच असते. तिला जाडी आहे, साहित्य आहे, आणि दार त्या भिंतीचं आहे हे मॉडेलला ठाऊक असतं.

कल्पना चांगली, पण त्या काळचे संगणक महाग आणि मंद. पुढचा धागा निघाला चक्क कम्युनिस्ट हंगेरीत. १९८२ मध्ये गाबोर बोयार यांनी बुडापेस्टमध्ये ग्राफिसॉफ्ट सुरू केली. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पाक्श अणुवीज केंद्रातल्या पाइपांचं त्रिमितीय मॉडेल. म्हणजे माझाच प्रश्न, फक्त पाइप जरा जास्त! त्याच कंपनीचं पुढे आर्किकॅड झालं. १९९२ मध्ये दोन डच संशोधकांच्या निबंधात 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' हे नाव आलं. २००० साली रेव्हिट बाजारात आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली, आणि हे नाव सगळीकडे झालं.

मग गाडी अडली कुठे? माझ्या मते, हस्तांतरणापाशी. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार, प्लंबिंगवाला, प्रत्येकाचं बिल वेगळं, फाइल वेगळी. डक्ट तुळईतून जातोय हे काँक्रीट ओतण्याआधी पडद्यावर दिसलं, तर कंत्राटदाराचे पैसे लगेच वाचतात. त्यामुळे एवढ्यापुरतं मॉडेल सगळ्यांना हवं असतं. पण बांधताना पाइप सरकला, ही नोंद मॉडेलमध्ये करण्यात कुणाचा फायदा? फायदा बारा वर्षांनी माझा. आणि मी त्या मीटिंगमध्ये नसतोच.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने २००४ साली एक अहवाल काढला. मोठ्या इमारती आणि प्रकल्पांमध्ये एकाची माहिती दुसऱ्याच्या यंत्रणेत नीट जात नाही, त्यापायी २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलर वाया गेले, असा त्यांचा अंदाज. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार पडला मालक आणि इमारत चालवणाऱ्यांवर, तोही मुख्यतः देखभालीच्या काळात. बांधकाम दोन-तीन वर्षांत उरकतं, इमारत पन्नास वर्षं वापरायची असते!

उपायही निघाले. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांकडून कोबी नावाचा नमुना आला. कुठला पंप, कुठल्या खोलीत, वॉरंटी किती, सुटे भाग कोणते, हे चावी देतानाच द्यायचं, साध्या स्प्रेडशीटमध्ये सुद्धा चालेल. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बी.आय.एम. सक्तीचं केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने 'फाइव्ह-डी' बी.आय.एम. वापरलं. तीन मिती, चौथी वेळ, पाचवा खर्च.

तर मंडळी, १९७५ ची कल्पना अडून राहिली ती नुसत्या संगणकापायी नाही. शेवटची नोंद कोण करणार आणि तिचे पैसे कोण देणार, हे करारात लिहायचं राहिलं. तेव्हा नवा फ्लॅट घेताना मॉड्युलर किचनबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: "प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे देणार का?"

मी आमच्या भिंतीचा प्लास्टर करण्याआधी टेप लावून फोटो काढला आणि काकांना दिला. त्यांनी तो कपाटात ठेवलाय. जुन्या नकाशाच्या वर.