विदर्भातला सैंधव

नलोपाख्यान शिकविताना आमचा बहुतेक वेळ हंस, स्वयंवर आणि द्यूत यांतच खर्ची पडतो. वनपर्वातील या कथेचा उत्तरार्ध मात्र बव्हंशी घोड्यांचा आहे, याकडे आम्हा वऱ्हाडकरांचे तरी लक्ष जावयास हवे. कारण ते घोडे धावतात ते विदर्भाच्या दिशेने, कुंडिनपुराकडे. अमरावतीच्या पूर्वेस वर्धेच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हेच ते कुंडिनपूर, अशी आपल्याकडची जुनी धारणा. रुक्मिणीचे माहेरही तेच, आणि तिचे हरणही रथातूनच झालेले.

बाहुक नावाने सारथ्य करणारा विरूप नळ अयोध्येच्या ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात पोहोचविण्याचे कबूल करतो आणि अश्वशाळेतून निवडतो ती हडकुळी जनावरे. राजा नाराज होतो. बाहुक त्याला घोड्यांच्या अंगावरील भोवऱ्यांची शुभलक्षणे सांगतो. वाटेत राजाचे उत्तरीय पडते. ते उचलावे म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. पुढे अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या, असा दोघांत व्यवहार ठरतो. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो, तेव्हा त्याची घरघर ऐकून मोर आणि हत्ती मेघगर्जनेच्या भ्रमाने माना उंचावतात. पण नळाची जी जुनी घोडी पूर्वीच दमयंतीच्या माहेरी पाठविलेली होती, त्यांना तो आवाज ऐकताच आपला धनी आल्याचा हर्ष होतो. दमयंतीची खात्री पटायला पुढे कितीतरी परीक्षा घ्याव्या लागतात. घोड्यांना एकही लागत नाही. महाभारतकाराने हे सहज म्हणून लिहिलेले नाही, असे आम्हाला वाटते.

बाहुकाने निवडलेले घोडे 'सिंधुज' आहेत, म्हणजे सिंधुदेशात जन्मलेले. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे एक ओळखीचे उदाहरण आठवेल. 'सैंधव आण' असे कोणी म्हटले तर जेवणाच्या पानावर त्याचा अर्थ मीठ, आणि प्रवासाला निघताना घोडा. प्रकरणावरून अर्थनिश्चय कसा होतो, हे दाखविण्यासाठी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासला गेला आहे. त्यातली आर्थिक बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. मीठ काय नि घोडा काय, दोन्ही सिंधूकडून यावयाचे, म्हणून दोन्हींना एकच नाव. बैल कुठला, हे त्याच्या नावातून सांगण्याची कुणाला गरज पडली नाही. तो घरचाच होता.

घोडा घरचा नव्हता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने आजच्या सगळ्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मुलखात नेऊन ठेवले. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी हा वंश तेथून झपाट्याने पसरला. आमची काळी, पावसाळ्यात चिकटणारी जमीन त्याला मानवणारी नव्हे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतले राजे दरसाल हजारो घोडे समुद्रमार्गे विकत घेतात आणि ते फार काळ जगत नाहीत, असे नोंदवून ठेवले आहे. अशा जनावराची किंमत त्याच्या कामात असते त्याहून अधिक त्याच्या दुर्मिळतेत असते.

हे ध्यानात ठेवून विदर्भाच्या पूर्व भागात जावे. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड अशा अनेक ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ही महापाषाणयुगीन लोकांची दफनस्थाने असून त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाचा मध्य. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच जुनापाणीला खोदकाम केले होते. शास्त्रशुद्ध उत्खनने झाली ती पुढे, विशेषतः १९६८ नंतर, डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. आणि वर्तुळांत, माणसांच्या अस्थींबरोबर, घोड्यांच्या अस्थी मिळाल्या.

माहुरझरीचे घोडे नुसते पुरलेले नाहीत. त्यांच्यासोबत तोंडावर बांधावयाची तांब्याच्या पत्र्याची आभूषणे आहेत, लोखंडी लगाम आहेत. काही हाडांवर शस्त्राच्या खुणा आहेत. म्हणजे धनी गेल्यावर हे जनावर मुद्दाम मारून त्याच्याबरोबर दिले गेले असावे. दूर अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांतूनही असेच, मुखवटे चढविलेले घोडे निघाले. हिरोडोटसने शकांच्या राजांच्या दफनाचे वर्णन करताना गळा दाबून मारलेल्या घोड्यांचा उल्लेख केला आहे. या साम्यावरून विदर्भातले हे लोक थेट मध्य आशियातून आले, असे लगेच म्हणू नये. प्रथा माणसांहून स्वस्तात प्रवास करतात. पण एवढे खरे की, ज्या मुलखात घोडा पैदा होणे कठीण, तेथे तो मातीत घालणे ही ऐपतीची जाहीर घोषणा होती. त्या समाजात ऐपत सगळ्यांची सारखी नव्हती, हेही घोडा असलेली नि नसलेली वर्तुळे पाहता उघड होते.

पुढे राजसत्ता स्थिरावल्यावर याच जनावराचा वध यज्ञमंडपात आला. नाणेघाटातल्या सातवाहन लेखात अश्वमेध आहे. वाकाटक प्रवरसेन पहिला याने चार अश्वमेध केल्याचे त्याच्या वंशजांचे लेख सांगतात. त्याचाच पुत्र सर्वसेन वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला, गादी स्थापून बसला. हे वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. वर्तुळातला घोडा आणि मंडपातला घोडा एकाच परंपरेतले आहेत, असा आमचा दावा नाही. एक मेलेल्याच्या सोबतीसाठी, दुसरा जिवंत राजाच्या दिग्विजयासाठी. दोघांचे मोल मात्र एकाच कारणाने वाढलेले.

घोड्याचे हाड सापडले की 'आर्य आले' किंवा 'आर्य इथलेच' अशी आरोळी ठोकण्याची खोड दोन्ही बाजूंच्या विद्वानांना आहे. माहुरझरीच्या माणसांची भाषा कोणती, हे त्यांच्या घोड्याच्या लगामावरून कळत नाही. तसेच, कौंडण्यपूरला मो. गं. दीक्षितांनी १९६० च्या दशकात केलेल्या उत्खननात महापाषाणीय वळणाची काळी-तांबडी खापरे मिळाली म्हणून भीष्मकाचा वाडा सापडला, असे होत नाही. कथा आणि खापर यांना परस्परांचे साक्षीदार करू नये. त्यांनी शेजारी बसावे, इतकेच.

वऱ्हाडाने पूजा केली ती बैलाची. पोळ्याला तोरणाखाली घोडा उभा राहत नाही. नांगर, वखर, दमणी, शंकरपट सारे बैलाचे. घोडा उरला तो वरातीत, नवरदेवाखाली, तासाच्या बोलीने आणलेला, कपाळावर चमकीचे झुंबर बांधून. त्या झुंबराकडे पाहताना माहुरझरीचा तांब्याचा पत्रा आठवावा, असे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, ते हसतात.

वर्तुळांचे दगड मात्र कमी होत चालले आहेत. काही शेताच्या बांधाला गेले, काही खाणींत, काही वाढत्या नागपूरच्या पायाखाली. अमरावतीहून तिथवरची वाट दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. नलोपाख्यान अभ्यासक्रमात असेल, त्या वर्षी तरी एखाद्या महाविद्यालयाने सहल तिकडे न्यावी.