पाचशे एकरांची मर्यादा आणि वरोरचा समुद्र

डहाणूचा पर्यावरणलढा म्हटला की औष्णिक वीजकेंद्राची चिमणी आठवते. मला तो इतिहास भरावाच्या अंगाने वाचावासा वाटतो. मुरूम, दगड आणि वाळू कुठून काढायची व कुठे टाकायची, या प्रश्नावरच वरोरच्या खडकांतली शेवंड, खाजणातली निवटी आणि खोल पाण्यातली कासवे टिकणार की नाही हे ठरत आले आहे.

1972चा वन्यजीव संरक्षण कायदा समुद्री कासवांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण देतो. 2001मध्ये त्या यादीत प्रवाळही आले. पण तो मुख्यतः जीव राखतो. जीव जिथे चरतो ती जागा अभयारण्य नसेल, तर तिथे हे कवच तोकडे पडते. वरोरच्या किनाऱ्यावर अभयारण्य नाही. इथले वन्यजीवन तगले ते वेगळ्याच कागदामुळे. 20 जून 1991च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला आणि उद्योगांसाठी संपूर्ण तालुक्यात कमाल 500 एकर जमीन ठेवली. त्या अधिसूचनेचा रोख उद्योगांवर होता. तरीही जंगलपट्टी, चिकूच्या वाड्या आणि खाड्या तिच्या सावलीत राहिल्या.

सावली आपोआप पडत नाही. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे देखरेखीसाठी प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. 1998मध्ये याच प्राधिकरणाने पी अँड ओ या परदेशी कंपनीचे वाढवण बंदर नाकारले. वरोर आणि वाढवण ही शेजारची गावे. तो निर्णय दोघांचाही होता. धर्माधिकारी 2019च्या जानेवारीत गेले. त्याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी अटींसह नव्या बंदराला ना-हरकत दिली. पाच आठवड्यांनी राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केले. योगायोगच, पण कोळीवाड्यात तो कुणाच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

एप्रिल 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, आणि 30 ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झाले. मंजूर आराखड्यानुसार समुद्रात 1,448 हेक्टर भूमी तयार व्हायची आहे आणि 10.14 किलोमीटरचा लाटारोधक बांध उभा राहायचा आहे. 1,448 हेक्टर म्हणजे साडेतीन हजार एकरांहून अधिक. 1991च्या मर्यादेच्या सातपट. अधिसूचनेने एकर मोजले ते जमिनीवरचे. समुद्रातून जमीन काढता येईल, हे तेव्हा मसुदा करणाऱ्यांच्या मनात नसावे. मला या इतिहासातली सर्वांत मोठी फट इथेच दिसते.

एवढ्या भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची योजना आहे. बांधाला मात्र दगडच लागतो, आणि दगड म्हणजे कुठली तरी टेकडी. इथे गौण खनिजांचा कायदा येतो. पूर्वी पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे. साहजिकच पट्ट्यांचे तुकडे पाडले जात. दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी ती पळवाट बुजवली. तरी खाणपट्टा, वरोरपासून तव्यापर्यंतचा सुमारे 32 किलोमीटरचा महामार्ग आणि बंदर यांच्या फायली वेगवेगळ्याच फिरतात. बिबट्याची वाट या तिन्ही फायलींतून जाते, पण एकीतही ती पूर्ण दिसत नाही. बंदराने रोजगार येईल, हे सरकारचे म्हणणे मी थट्टेवारी नेत नाही. चिंचणी-वरोर भागातल्या डायमेकर घरांतली मुलेही काम शोधतातच. पण दगडाची टेकडी आणि भरावाखालचा खडक एकाच हिशेबात मांडायला हवेत.

डहाणूत वनखात्याच्या साथीने कार्यकर्ते जखमी कासवांवर उपचार करतात. जाळ्यात सापडून पंख तुटलेली ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवे तिथे आणली जातात, आणि बरी झाली की याच समुद्रात सोडली जातात.