मेंदूतील ‘तिसरा घटक’ : ग्लिया पेशींच्या उगमाचा वाद

चेतापेशींमधील जोडपदार्थाला रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतासंस्थेतील डिंक, असे नाव दिले. या नावाने पुढील संशोधनाची दृष्टी संकुचित केली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९१३ मध्ये माद्रिदच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सुवर्णक्षाराच्या रंजनाने तारकापेशी स्पष्ट दाखविल्या. मात्र ज्या पेशींच्या शाखा त्या रंजनात उमटल्या नाहीत, त्यांना त्यांनी शाखाहीन ‘तिसरा घटक’ मानले. त्यांचेच सहकारी पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी रजत कार्बोनेट वापरले आणि १९१९ पासून या घटकात दोन भिन्न पेशी असल्याचे सिद्ध केले. त्यांपैकी मायक्रोग्लिया मध्यस्तरातून उगम पावून विकसनशील मेंदूत बाहेरून शिरतात. ऑलिगोडेंड्रोसाइट मात्र तारकापेशींप्रमाणे चेतास्तरातूनच घडतात व पक्व झाल्यावर चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण रचतात. काहाल यांना ऑलिगोडेंड्रोसाइट मान्य झाले नाहीत. (थोर संशोधकालाही आपल्या रंजनापलीकडचे दिसत नाही, हे विलक्षणच !) १९२० मध्ये ओर्तेगा यांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे निर्वासित अवस्थेत त्यांचे निधन झाले. मायक्रोग्लियांच्या बाह्य उगमाविषयीचा संशय त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. त्यांचे पूर्वज भ्रूणाच्या पीतककोशातून मेंदूत येतात, हे उंदरांवरील प्रयोगांनी २०१० मध्ये दाखविले.