हौद किती वेळात भरेल?

एका हौदाला दोन नळ. पहिला नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? हे उदाहरण गृहपाठात आले की मूल आधी ताईला विचारते, मग बाबांना, आणि तिथेही जमले नाही तर वही घेऊन शेजारच्या काकांकडे जाते. हा हौद सुमारे दोन हजार वर्षे असाच दारोदार फिरतो आहे.

त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक चीनमधली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत सिद्ध झालेल्या ‘नऊ प्रकरणे’ या गणितग्रंथात 246 उदाहरणे आहेत. त्यातल्या सहाव्या प्रकरणात एका तळ्याला पाच पाट येऊन मिळतात. एकेकटा पाट ते तळे अनुक्रमे एक तृतीयांश दिवसात, एका दिवसात, अडीच, तीन आणि पाच दिवसांत भरतो. पाचही सोडले तर दिवसाचा 15/74 भाग पुरतो. गंमत म्हणजे हे प्रकरण पाण्याचे नाहीच. कोणत्या मुलखाने किती सारा भरायचा, धान्य वाहायला किती माणसे द्यायची, याच्या न्याय्य वाटणीचे ते आहे. तळ्याच्या जवळपासच बाण बनवणारेही भेटतात. एक जण दिवसात 50 काड्या सरळ करतो, दुसरा 30 बाणांना पिसे लावतो, तिसरा 15 बाणांचे शेवटचे काम उरकतो. हे सगळे एकट्याने केले, तर दिवसाला 8 पूर्णांक 1/3 बाण. रीत तीच. म्हणून मला वाटते, हौदाचे कूळ झऱ्यापाशी शोधू नये. ते वेठीच्या आणि मजुरीच्या हिशेबात सापडते.

ग्रीकांनी मात्र त्याला नटवले. त्यांच्या एका पद्यकोड्यात पितळी सिंह आहे आणि त्याच्या डोळ्यांतून, तोंडातून, पायातून पाणी येते. डोळ्यांचा आणि पायाचा वेळ दिवसांत दिला आहे, तोंडाचा तासांत. दिवस 12 तासांचा धरायचा की 24 तासांचा, यावर उत्तर बदलते. उदाहरण घालणाऱ्याने घोळ करावा आणि सोडवणाऱ्याने निस्तरावा, ही परंपराही जुनीच!

भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त बारव आहे आणि चार झरे. ते ती एक, अर्धा, तृतीयांश आणि षष्ठांश दिवसात भरतात. एका दिवसात पहिला झरा एक बारव भरेल, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. बेरीज बारा, म्हणजे एक बारव भरायला दिवसाचा बारावा भाग. साठ घटकांचा दिवस धरला तर पाच घटका, आपले दोन तास. आकडे किती बेताने निवडलेत पाहा. प्रश्न मित्राला उद्देशून आहे, आणि उत्तर चटकन सांग असा तगादाही आहे.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला पुढे त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 च्या सुमाराचा त्याचा शिलालेख आहे. त्याचा शेवटचा भाग मराठीत असून पेठेत विकल्या जाणाऱ्या मालातला हिस्सा मठाला द्यावा, असे तो सांगतो. गणिताची शिकवणी बाजाराच्या पैशावर चालली, हे मला फार योग्य वाटते.

आज हा हौद ‘काळ, काम, वेग’ या मथळ्याखाली भेटतो आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘नळ व टाकी’ असे स्वतंत्र प्रकरण मिळवतो. तिथली युक्ती लसाविची. 4 आणि 6 यांचा लसावि 12, म्हणून हौद 12 लिटरचा माना. नळ तासाला 3 आणि 2 लिटर देतात, मिळून 5. बाराला पाचाने भागले की 2 तास 24 मिनिटे. बाबा अपूर्णांकाने करतात, क्लासमध्ये लसाविने, आणि मुलाला वाटते कुणीतरी एक चुकतो आहे. दोघेही बरोबर असतात.

तेव्हा कुणी वही घेऊन दाराशी आले, तर उत्तर सांगू नका. ‘एका तासात किती भरेल?’ एवढेच विचारा आणि थोडे थांबा.